रेजिनातली ओल

घराखाली ओल आलीय म्हणतोस? मग आधी घरी पाहुणे कोण आलेत ते बघ.

इथं परदेशात, रेजिना शहरातल्या आमच्या घराखाली जेमतेम रांगता येईल एवढी क्रॉल स्पेस आहे. तिथं वॉटरप्रूफिंग केलं, जाड प्लॅस्टिक अंथरलं, तरी आठवड्यात पुन्हा पाणी. कॉन्ट्रॅक्टर वैतागला, "बाहेरून कुणीतरी पाणी घालतंय."

बाहेर जाऊन बघतो तर नागपूरहून आलेले बाबा, हातात होज, भिंतीलगत पाणी मारताहेत.

"बाबा, हे रोज करता?"

"मग! उन्हाळा आहे ना. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की घर थंड राहते."

ओल दाखवायला मी त्यांना खाली नेलं. बाबा रांगत आत गेले, ओल्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ! खालपर्यंत थंड झालं की नाही?"