एकशे दहाचा चौघडा

मंडळी, एक विचारतो. देव दारात आला — खराखुरा, समोर उभा! — तर त्याला बसवाल कुठं? बोला की! ... "हृदयात" म्हणालं कोण? तिसऱ्या रांगेतले काका! वा! काका, हृदयात जागा आहे का, बघितलंत कधी? की आपलं कीर्तनात म्हणायचं म्हणून म्हणायचं?

आता रागावू नका. जागा असते हो सगळ्यांकडे. चिक्कार असते! तरी देव बापडा उंबऱ्याबाहेर ताटकळतो. का? त्याचंच आज आख्यान. राक्षस नाही, ऋषी नाही, शाप नाही. आख्यान आहे कॉम्प्युटरचं! — तबलजी, हसू नका, ठेका चुकेल.

तर ऐका. कुसुरवाडी म्हणून गाव. गावात भैरवनाथाचं देऊळ. देवस्थान कमिटीनं ठरवलं, कॉम्प्युटर घ्यायचा. घेतला! हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं — तेही पुसलं. चालवायला वसुधाबाई कोकीळ. तहसील कचेरीत तीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झालेल्या. बाई शहाणी. कमी बोलणारी. म्हणून कमिटीत तिचं कुणी ऐकत नसे!

त्या कॉम्प्युटरच्या पोटात असते हार्ड डिस्क. आजी, हार्ड डिस्क म्हणजे कोठी. जे जे घालाल ते तिथं साठतं. केवढी कोठी? पाचशे जीबी! जीबी म्हणजे काय ते मला विचारू नका, तुम्ही पायली समजा. पाचशे पायल्यांची कोठी!

सभा भरली. विषय एकच — कोठीत भिंती घालायच्या का, आणि किती?

वसुधाबाई म्हणाल्या, "एकच भिंत घाला. थोडी जागा कॉम्प्युटरला स्वतःच्या कामाला द्या, बाकी सगळी मोकळी ठेवा. आत प्रत्येकाचं फोल्डर करते. फोल्डर म्हणजे टोपली हो. लागेल तशी लहानमोठी होते. भिंत एकदा घातली की तशी सहजी हलत नाही."

झालं! अध्यक्ष आबासाहेब जाचक ताडकन उठले. "टोपली? अध्यक्षाला टोपली? मला भिंत पाहिजे!"

उत्सवप्रमुख हरिभाऊ ढमढेरे म्हणाले, "त्यांना भिंत, तर मलाही भिंत!"

महिला मंडळाच्या प्रमिलाताई म्हणाल्या, "बायकांनी काय ओटीवर बसायचं? आम्हालाही!"

आणि कोपऱ्यात देवळाचे कीर्तनकार बुवा बसले होते. गळ्यात माळ, तोंडात वैराग्य. ते खाकरले. म्हणाले, "आम्हाला काही नको हो. आम्ही विरक्त. पण... आता सगळेच घेताहेत तर... एक आपली आमचीही."

काय हसता? विरक्तीसुद्धा ठेवायला जागा लागते!

पाच भाग पडले. एक कॉम्प्युटरचा, चार या चौघांचे. प्रत्येकी शंभर. वसुधाबाईंनी कपाळाला हात लावला आणि घातल्या भिंती. सगळे खूश!

वर्ष गेलं. आता या गोष्टीतला खरा माणूस येतो. तात्या गुरव. वय त्र्याऐंशी. साठ वर्षं भैरवनाथाच्या नगारखान्यात चौघडा वाजवलेला माणूस! देव उठताना वेगळा, नैवेद्याला वेगळा, दिवेलागणीला वेगळा, देव निजताना वेगळा. कागदावर एक अक्षर नाही. सगळं त्या दोन हातांत. आणि हात कापायला लागले. शिकायला कुणी आलं नाही. लेक इंदूरला, ती म्हणाली, "तात्या, आता माझ्याकडे या." दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी.

गाव हळहळलं. उद्यापासून देवाला उठवणार कोण? तेव्हा कुणीतरी तालुक्याहून दिगू कॅमेरावाल्याला बोलावलं. तात्या नगाऱ्यापुढं बसले. कापरे हात टिपऱ्यांवर गेले — आणि मंडळी, कापरं थांबलं! सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत, चार तास, चारी प्रहरांचा चौघडा! मधे पाण्याचा घोट नाही. गुरवांचा नेमच तसा. एकदा टिपरी पडली की चौघडा पुरा होईतो थांबायचं नाही.

तीन वाजता दिगू कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन देवळाच्या ऑफिसात आला. "भरून घ्या लवकर. पाचच्या एसटीनं मला परगावी लग्नाला जायचंय. कार्ड एवढंच आहे माझ्याकडे, ते पुसूनच उद्या लग्न काढणार. चौघडा एकसंध आहे. एकशे दहा जीबी."

वसुधाबाईंचा चेहरा उतरला. कोठ्या कितीच्या? शंभरच्या! आणि चौघडा? एकशे दहाचा! दहा पायल्यांनी अडला हो!

आबासाहेब म्हणाले, "एवढी पाचशेची डिस्क घेतली ती काय शोभेला? जागा नाही म्हणजे काय?"

"जागा आहे," बाई म्हणाल्या. "चिक्कार आहे. पण तुकड्यांत आहे."

हरिभाऊंनी डोकं लढवलं. "मग चौघड्याचे दोन तुकडे करा. अर्धा माझ्यात, अर्धा आबासाहेबांत."

"पहिला अर्धा माझ्यात!" आबासाहेब ओरडले. "देवाला उठवायचा मान अध्यक्षाचा!"

भांडण जुंपलं! घड्याळात साडेतीन. दारात तात्या बसलेले, घोंगडीवर, गाठोडं बांधून. ते एवढंच म्हणाले, "तुकडे नको रे बाबांनो. मधे तुटलेला चौघडा आम्ही देवापुढं वाजवत नाही."

वसुधाबाई म्हणाल्या, "एकच उपाय. दोन शेजारशेजारच्या कोठ्यांमधली भिंत पाडायची. पण त्या आधी रिकाम्या कराव्या लागतील. उघडून बघू, कुणात काय आहे."

आबासाहेबांची उघडली. काय निघालं? फोटो! आबासाहेब नारळ फोडताना, फीत कापताना, फीत कापून झाल्यावर कात्री परत देताना! तुडुंब!

प्रमिलाताईंची उघडली. एका कोपऱ्यात त्र्याण्णव पाककृती. बाकी सगळी मोकळी.

हरिभाऊंची उघडली. काय असेल? सांगा! ... काही नाही! रिकामी! वर्षभर एक चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही!

"मग देता का हरिभाऊ?"

"रिकामी असली म्हणून काय झालं? माझी आहे!"

आणि हरिभाऊंच्या शेजारची कोठी बुवांची. ती उघडली. आत चाळीस कीर्तनं. कुणाची? बुवांची स्वतःची! वैराग्यावर सात, अहंकार सोडण्यावर अकरा!

"बुवा, रिकामी करू का?" बाईंनी विचारलं.

बुवा म्हणाले, "छे! हा तर समाजाचा ठेवा आहे."

मंडळी, तेव्हा तात्या उठले. काठी टेकत आत आले. रागावले नाहीत हो. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "भांडू नका माझ्यापायी. साठ वर्षं वाजवलं, ते देवानं ऐकलं. आता ठेवायला जागा नाही तर राहू द्या." आणि बुवांना वाकून नमस्कार करायला गेले!

माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

हो, माझ्या! आता कशाला लपवू? तो विरक्त बुवा मीच. माळ हीच, तोंड हेच! अहंकार सोडण्यावर अकरा कीर्तनं केलेला माणूस, आणि कोठी सोडवेना! लाज वाटली मला. आजही वाटते. मी तात्यांचे हात धरले आणि रडत ओरडलो, "बाई, पुसा! सगळी पुसा!"

वसुधाबाई हसल्या. म्हणाल्या, "पुसायची गरज नाही बुवा. तुमची कीर्तनं छोटी आहेत, कुठंही मावतील. अडला आहे तो मोठा." प्रमिलाताई लगेच म्हणाल्या, "या हो, आमच्यात या!" तेव्हापासून माझी चाळीस कीर्तनं उकडीच्या मोदकांशेजारी राहतात. सुखात आहेत!

माझी कोठी गेल्यावर हरिभाऊ एकटे पडले. खाली मान घालून म्हणाले, "घ्या माझीही. तशी वापरत नव्हतोच." भिंत पडली. दोनशेची एक मोठी कोठी झाली. चार वाजता चौघडा आत शिरायला लागला, मंडळी! मुंगीच्या पावलानं! दिगूचा डोळा घड्याळावर, आमचा पडद्यावर. पाचला सात मिनिटं कमी असताना पुरा झाला. दिगू कार्ड घेऊन पळाला एसटीकडे.

बाईंनी लावून दाखवला. पहिली टिपरी पडली. तात्यांनी हात जोडले, डोळे मिटले, ऐकलं. आणि म्हणाले, "इथं डावा हात जरा कमी पडला."

तात्या इंदूरला गेले. पण कुसुरवाडीला कधी पहाटे या. नगारखान्यातून चौघडा येतो — पुरा, न तुटलेला. त्यावरच देव उठतो.

आता तुमच्याकडे येतो. सुटलात असं वाटलं का? तुम्ही काय केलंय? मनात एक कप्पा ऑफिसचा, एक भावकीच्या भांडणाचा, एक वहिनी वीस वर्षांपूर्वी काय बोलली त्याचा! प्रत्येकात थोडी थोडी जागा आहे, देवासाठी म्हणूनच राखलेली. पण देव तुकड्यांत येत नाही हो! तो आला की पुरा येतो. आणि एक कप्पा तर असा असतो की त्यात काही नाहीच, नुसतं "माझं आहे" म्हणून धरलेला.

आज घरी गेल्यावर तेवढा एक उघडून बघा. माझा मी उघडला तेव्हा भर ऑफिसात रडलो. तुम्ही घरी रडा, कुणी बघणार नाही. काका, आता सांगा — देव आला तर बसवाल कुठं? ... गप्प झाले काका. हे उत्तर खरं! चला, टाळ उचला, आणि एकदा मोकळ्या गळ्यानं नाव घ्या त्याचं.