तू कोणाले मारलं

नाही, आज उठत नाही मी. मागच्या वेळी रडू आलं अन् अर्ध्यातच गेली, आज पूर्ण सांगूनच उठीन. ऐकून राहिला ना? ऐकतोस तू — मोटारीच्या ह्या जुन्या पाइपाले कान लावला की खालून तुझी घरघर येते, बारीक, शिलाई मशीनवानी. लोकं म्हणतात देवाजीची बाई बुजवलेल्या विहिरीपाशी बसून बडबडते, नवरा गेला तसं डोकं फिरलं तिचं. म्हणू दे. त्यायले काय माहीत, दगडाखाली तू पडून आहेस — माणसाएवढं लोखंड, हातपायवालं, अन् मेलेलं नाही. मरत नाही म्हणे तुम्ही. मंग ऐक. माझ्या अंगणात तू दोन माणसं मारली, अन् कोणाले मारलं हे बी तुले माहीत नाही. गाडीखाली कुत्रं आलं तर डायवर बी एकदा मागं वळून पाहते. तू पाहिलं नाही. म्हणून सांगते.

आम्ही बाया नवऱ्याचं नाव घेत नाही, पण तुले सांगते — देवाजी. कळमेश्वरच्या एका कारखान्यात वेल्डिंग करायचे. घरी आले की डोळ्यात आग व्हायची, मी आलू चिरून चकत्या ठेवायची डोळ्यावर, अन् ते तसेच पडल्या पडल्या बोलत राहायचे — आज अमकी तुळई जोडली, आज तमक्या सायबाची जिरवली. दीक्षेच्या पुढच्या साली आमचं लग्न झालं. ही विहीर त्यायनंच खोदली, सुट्टीच्या दिवशी, दोघं भाऊ मिळून — अन् पाणी? पावसाळ्यात दिसायचं, होळीनंतर गायब. मी चिडवायची, तर म्हणत, अवं, सावली तर आहे ना तिच्यात. असा माणूस. कधी हात उचलला नाही माझ्यावर. पोरीले, शामलाले, नर्सिंगले टाकलं तवा साऱ्या भाऊबंदायनं नावं ठेवली, पण हा माणूस तिले रोज सायकलवर सोडून देत होता कॉलेजले. हा एक.

दुसरा कोण होता, ते तर तुले सपनात बी येणार नाही. तुले सपनं पडत असन तर.

दोन वर्षं झाली त्याले. वैशाखातलं ऊन, लू सुटलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. लाइन गेली म्हणून कारखान्यातून सोडलं होतं, हे घरीच होते. अन् कुंपणापाशी एक बुढा उभा — पांढरी दाढी, पायात काही नाही, तळवे पोळून फोड आलेले, अंगातल्या सदऱ्याचं कापड असं की मी तसं पाहिलंच नव्हतं. अन् मले म्हणते, "आजी." मी चाळिशीची बाई अन् हा साठीचा! म्हटलं, ऊन लागलं बिचाऱ्याले. आत घेतलं, पन्हं दिलं, हातात कांदा दिला, लूवर कांदा बरा असते म्हणून. तर तो कांदा नाकाशी धरून रडाले लागला. असा रडला की हे उठून बसले.

मंग त्यानं सांगितलं. तुमचं सारं सांगितलं. आधी कारखान्यात कामाले म्हणून बनवलं तुम्हाले, मंग राखणीले ठेवलं, मंग एक दिवस तुम्ही मालकायलेच मारत सुटले. सारं नागपूर ओस पडलं म्हणे — सीताबर्डीच्या रस्त्यावर गवत वाढलेलं. उरलेली माणसं उमरेडच्या कोळशाच्या खाणीत राहतात, चूल पेटवत नाहीत, धूर दिसला की तुम्ही येता. लेकरं बोलत बी नाहीत मोठ्यानं. अन् ह्यानं त्यायले शिकवलं, गॅसच्या टॉर्चनं तुमची मान कुठं कापायची ते. टॉर्च कोणाची? तर आजोबाची म्हणे, घरात ठेवलेली होती. हे इतके खुश झाले ते ऐकून — अन् मंगच ध्यानात आलं त्यायच्या. म्हणाले, "ठेवलेली म्हणजे? मी कुठं होतो?" त्यानं कांदा पुन्हा नाकाशी धरला. ह्यायनं बी मंग विचारलं नाही.

विश्वास कसा बसला म्हणतोस? बसला. त्याची करंगळी आत वळलेली, ह्यायच्यावानी, शामलावानी. अन् म्हणाला, आजी, माय तुह्याजवळ काल बोलली ना, दिवस राहिले म्हणून? शामलानं ते मले एकटीलेच सांगितलं होतं, न्हाणीत, दार लावून. जावयाले बी माहीत नव्हतं. तो शामलाचा पोरगा होता. माझा नातू. पोटात होता तो, अन् माझ्या अंगणात बी होता.

कायले आला? तर तुम्ही एक दार बनवलं म्हणे, त्यातून मागच्या सालात जाता येते. तेच फोडाले गेला होता. फोडता फोडता आतच राहिला अन् इकडं पडला. माघारी रस्ता नाही. त्याले दुःख नव्हतं त्याचं. म्हणाला, आता इथंच मरीन, उजेडात. मी भाकर टाकली की चुलीपाशी येऊन बसायचा, धुराकडं पाहात. मायले भेट म्हटलं तर नाही म्हणाला, पोटातल्या लेकराले बुढा कोण दाखवते? पण एक दिवस ह्यायच्या संग सायकलवर बसून गेला प्रतापनगरात — तिथं गजानन किराणाच्या गल्लीत घर बांधलं जावयानं, शेवटचं, निळ्या फाटकाचं. शामला भाजीवाल्याशी भाव करून राहिली होती म्हणे. यानं लांबून पाहिलं. परत आला तर भिंतीकडं तोंड करून पडला, जेवला नाही.

अन् मंग तू आला. दार फुटाच्या आधी तू बी निसटला असशील त्याच्यामागं. संत्र्याच्या बगीच्याकडून येताना मीच पाहिलं तुले — अंगावर तरट घेतलेलं, भर दुपारी रस्त्याच्या मधून चालून राहिला. कडेले निंबाची सावली होती ना, तरी मधून. नागपूरच्या उन्हात सावली धरत नाही तो माणूस असूच शकत नाही. मी ओरडली. नातू बाहेर आला, पळाला नाही, मले मागं ढकललं फक्त. तू त्याच्या छातीत हात घातला. असा, गोणीत घालावा तसा. काही बोलला नाही, काही विचारलं नाही. ह्यायनं सब्बल घातली तुझ्या डोक्यात, एकदा, दोनदा, तुले काही झालं नाही. तू वळला, अन् हे मागून तुझ्या कमरेले बिलगले — लेकरू बापाले बिलगते तसे — अन् पाय रेटत रेटत तुले घेऊन विहिरीत गेले.

मी काठावर. खाली पाहिलं तर तू वर येऊन राहिला, दगडात बोटं रोवून. ह्यायनं तुझा पाय धरून ठेवलेला. कंबर मोडली असन त्यायची, पण हात सोडला नाही. वर पाहून म्हणाले, "भीमे, टाक." काठाचे दगड ढिलेच होते. मी नाही म्हटलं. "टाक म्हणून राहिलो ना." तो नातू छातीतून रक्त गळत असा सरपटत आला काठापाशी, त्यानं अन् मी मिळून लोटलं. एक दगड गेला, मंग सारा काठच गेला. धूळ बसली तवा आवाज नव्हता. ह्यायचा बी नव्हता.

पोलिसायनं लिहिलं, विहीर खचली, मालक दबला, संग एक अनोळखी बुढा मेला; खणलं तर अजून खचन म्हणून ह्यायले काढलं नाही. मंग मुरूम टाकून घेतला वरून. सहा-सात महिने असे निंबाखाली बसून गेले माझे, पण पोट्टं आलं ना मंग — मार्गशीर्षात झालं, आता चालते बी. नागसेन नाव ठेवलं. त्यानंच सांगितलं होतं मरताना, माझं नाव हे आहे म्हणून. शामला म्हणे, आई, हे कुठून आणलं नाव? मी काय सांगू तिले? करंगळी वळलेली आहे त्याची. मी ती धरते अन् मले हसू बी येते अन् —

जाऊ दे. तर हे दोघं होते. आता माहीत झालं तुले. तो बुढा म्हणत होता, तुझ्या जातीचे एकमेकाले जमिनीत सोडत नाहीत, कधी ना कधी खणून काढतात, अन् एकाले माहीत झालं की साऱ्यायले माहीत होते. येऊ दे त्यायले. सांगशील, भीमाबाईनं गाडलं मले. माणूस कसा असते ते सांगशील.

त्याचं शेवटचं तेवढं राहिलं. मांडीवर डोकं होतं त्याचं, संध्याकाळ होऊन राहिली होती. मले म्हणाला, आजी, एक गोष्ट आयुष्यभर उमजली नाही मले. ज्या दिवशी यंत्रं उलटली, तवा माझी माय म्हातारी झाली होती, नोकरीतून सुटलेली साधी नर्स. अन् साऱ्या शहरात सगळ्यात पहिले ते तिच्याच दारात गेले. निळं फाटक तोडून. तिचं नाव घेतलं, नागसेनची माय कोण म्हणून विचारलं, अन् — मी खाणीत कामाले होतो म्हणून वाचलो, म्हणाला. पण तिचं नाव कोणी सांगितलं त्यायले? घर कोणी दाखवलं? मी बी किती विचार केला त्याच्यावर. म्हटलं, कोण असा दुष्मन असन आपला, जो लोखंडाशी जाऊन बोलन —

…

ए.

तू ऐकून नाही राहिला ना? झोपला ना तू? घरघर बंद काहून केली? आतापर्यंत तर होती.

हे पाह. ते सारं खोटं होतं. मी वेडी बाई आहे, साऱ्या वस्तीले विचार, डोकं फिरलेलं आहे माझं. मले पोरगी नाही. झालीच नाही कधी. आम्हाले लेकरूच झालं नाही, देवाजी अन् मी दोघंच राहत होतो इथं. शामला कोणाचं नाव नाही. प्रतापनगर मी पाहिलं बी नाही. ऐकलं का? वांझ आहे मी. वांझ आहे.

आता नाही बोलत.