शेजारच्या सीटवरचा ब्रेक

लेक : आई, त्या बाजूने नाही. ती चालवणाऱ्याची सीट आहे.

आई : माहीत आहे. म्हणूनच बसले.

लेक : उगाच चेष्टा नको. गाडी धुऊन आणायचीय. संध्याकाळी तो माणूस बघायला येणार. दादाने फोनवर बजावलंय, बाबांची गाडी आहे, कळकट दिसली तर कोणी घेणार नाही.

आई : मग बस ना शेजारी. आणू धुऊन.

लेक : तुला गाडी येत नाही, आई.

आई : माझ्या पर्समध्ये बघ. आतल्या कप्प्यात.

लेक : हे काय… लायसन्स? यावर तुझा फोटो आहे.

आई : माझ्या लायसन्सवर दुसऱ्या कुणाचा असणार? केस जरा विस्कटलेत.

लेक : कधी काढलंस?

आई : यांनी गाडी शिकवायची शाळा बंद केली त्यानंतर. शेजारीण एकदा म्हणाली होती, मास्तरांनी अख्ख्या गावाला गाडी शिकवली आणि बायको आपली मागच्या सीटवर पिशव्या सांभाळत बसते. हसतच म्हणाली, पण यांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन म्हणाले, चल.

लेक : आणि आम्हाला कुणी पत्ता लागू दिला नाही.

आई : यांना तुझ्या दारात येऊन हॉर्न वाजवायचा होता. तू गॅलरीत येणार, चालवणाऱ्याच्या जागी यांना शोधणार आणि तिथे मी. तेव्हाचा तुझा चेहरा बघायचा होता त्यांना. निघायचं ठरतच होतं, तेवढ्यात यांचं दुखणं निघालं.

लेक : मला म्हणाले होते, एक गंमत आहे म्हणून. मी विचारलंही नाही पुढे.

आई : पट्टा लाव.

लेक : लावला. आरशात बघ आधी.

आई : बघितलं. यांच्यासारखी बोलू नकोस, मला हसू येतं.

लेक : तुलाही आधी रिव्हर्सच शिकवला का?

आई : मग काय. आठवडाभर ही गाडी नुसती मागेच जात होती. मैदानात खेळणारी मुलं विचारायची, काकू, गाडी बिघडलीय का? हे म्हणायचे, पुढे कुणीही जातं, मागे येता आलं पाहिजे.

लेक : माझ्या वेळी तर शेजारी बसून गप्पाच मारायचे. मुद्दाम. गोष्ट ऐन रंगात आली की समोर चौक. मी गोष्टीत राहिले की त्यांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर. गाडी थांबली की विचारायचे, गोष्ट कुठवर आली होती?

आई : तो पाय घरीही गप्प बसायचा नाही. टीव्हीवर गाडी वळली की यांचा पाय सतरंजीवर. एका बुटाचा तळ सारखा झिजायचा, चांभार म्हणायचा, मास्तर, दुसरा पाय वापरता की नाही?

लेक : दवाखान्यात स्ट्रेचरवरून नेत होते ना तपासणीला, तेव्हा कोपऱ्यावर चादरीखाली पाय दाबलेला दिसला मला. ढकलणाऱ्याला म्हणाले, जरा हळू घे वळण.

आई : हो. आणि तो हळू झाला.

लेक : झाला खरा. आई, पुढे टेम्पो उभा आहे.

आई : दिसतोय. तू पाय ठेवला आहेस ना ब्रेकवर?

लेक : ठेवलाय. तू छान चालवतेस की. मला खरंच वाटलं नव्हतं.

आई : शेजारी कुणी आहे म्हणून. परीक्षेलाही तो इन्स्पेक्टर शेजारी होता म्हणून निभावलं.

लेक : मग दादाला सांगितलं का नाहीस, गाडी विकू नको म्हणून? तो एकच पालुपद लावून बसलाय, चालवणारं कोणी नाही घरात, नुसती उभी राहून गंजेल.

आई : कुठल्या तोंडाने सांगू? तो काय खोटं बोलतोय का? शेजारी त्या ब्रेकवर पाय ठेवून कुणीतरी बसायचं तेव्हा मी चालवणार. हे गेले. तू उद्या जाशील. मला एकटीला नाही येत गाडी. आज म्हटलं, शेवटचं एकदा चालवून घ्यावं.

लेक : एकटी कधी प्रयत्न केलास?

आई : दुधाच्या डेअरीजवळची ती बोळ आहे ना, तिथून एकदा सायकलवाला अचानक बाहेर आला. माझ्या डोळ्यांपुढे अंधार. गाडी थांबली, तो चाकापासून जेमतेम हातभर. यांनी ब्रेक मारला म्हणून. त्यावर हे काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, छान. मला असा राग आला. मी म्हटलं, स्वतःच ब्रेक मारायचा आणि स्वतःच छान म्हणायचं? तर हे खिडकीबाहेर बघून हसत बसले. त्या दिवसापासून मी ठरवलं, हे नसतील तर आपण चावीला हात लावायचा नाही.

लेक : आई, समोरचा टेम्पो रिव्हर्स येतोय. आई, थांब—

(गाडी गचका देऊन थांबते.)

आई : लागली का?

लेक : नाही. नाही लागली. गेला तो.

आई : बघितलंस ना? तू होतीस म्हणून. तू नसतीस तर…

लेक : आई, गाडी जरा कडेला घे.

आई : घेते. काय झालं? तुला लागलं का कुठे?

लेक : मी ब्रेक दाबला तेव्हा पाय सरळ तळाला गेला. काही लागलंच नाही पायाला. थांब, वाकून बघते.

आई : ड्रेस खराब होईल.

लेक : आई, या पेडलला काही जोडलेलंच नाही.

आई : असं कसं?

लेक : केबल कापलेली आहे. टोकाला काळी टेप गुंडाळलीय आणि टेपचं शेवटचं टोक आत दुमडलंय.

आई : ते हेच करायचे. पुन्हा सोलायला सोपं जातं म्हणून. घरातल्या सगळ्या वायरींना तसंच आहे.

लेक : शाळा बंद केली तेव्हा गाडी गॅरेजला गेली होती का?

आई : पाटी उतरवली त्याच आठवड्यात. म्हणाले, आता ही घरची गाडी, शिकवण्याची नाही, दुसरा ब्रेक ठेवता येत नाही. मग घेऊन आले तर पेडल होतंच. मी विचारलं, काढलं नाही का? म्हणाले, राहू दे, मला पाय ठेवायला काहीतरी लागतं. मला वाटलं, हट्टाने ब्रेकच ठेवला.

लेक : नुसतं पेडल ठेवलं.

आई : आणि मला त्यानंतर शिकवलं. शाळा चालू असताना वेळ कुठे होता त्यांना.

लेक : म्हणजे तो सायकलवाला—

आई : थांब जरा.

लेक : आई, तूच थांबवलीस गाडी. आत्ताही.

आई : माझाही पाय असायचाच ब्रेकवर. पण मला वाटायचं, आपला नुसता वर वर. खरा यांचा.

लेक : कधीच सांगितलं नाही त्यांनी?

आई : सांगितलं असतं तर मी गाडीत बसले असते का? पहिल्याच दिवशी उतरून घरी गेले असते. ते ओळखून होते मला.

लेक : डोंगराच्या रस्त्यालाही गेला होतात?

आई : घाट चढलो, उतरलो. बाजारातून गेलो. हे शेजारी बसून, दोन्ही गुडघे हातांनी घट्ट धरलेले. मी विचारायची, थंडी वाजते का? म्हणायचे, हो, जरा. उन्हाळा होता गं तो.

लेक : आई…

आई : इतकी माणसं शिकवली. प्रत्येकाच्या वेळी पायाखाली ब्रेक होता. माझ्याच वेळी नव्हता. घाबरले असतील की नाही?

लेक : जाम घाबरले असतील.

आई : आणि मला काय वाटायचं, पायाखाली ब्रेक आहे म्हणून हे इतके निर्धास्त गप्पा मारताहेत. गोष्ट सांगताना मध्येच थांबायचे, मी म्हणायची, पुढे काय झालं? काय सांगणार, सगळं लक्ष रस्त्यावर असेल.

लेक : रुमाल देऊ?

आई : नको. रस्ता दिसत नाही मग. किती वाजता येणार तो गाडी बघायला?

लेक : पाचला. आपण धुवायला नेतोय ना?

आई : तू उतर.

लेक : इथे?

आई : इथेच. त्या झाडाखाली उभी राहा. मी पुढच्या चौकातून वळून येते.

लेक : मी मागे बसू का? काही बोलणार नाही.

आई : मागेही नको.

लेक : बरं. उतरले. हा बघ, दादाचाच फोन. त्याला काय सांगू?

आई : सांग, आई गाडी घेऊन बाहेर गेलीय.