नागरिक सभागृहाच्या जिन्यात

मी, सौ. वृंदा हेमचंद्र आठल्ये, वय ३४ वर्षे, व्यवसाय सुपरमार्केटात आरुबाइतो म्हणजे अर्धवेळ काम, राहणार ग्योतोकु, जपान, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी पती हेमचंद्र, वय ३८, यांच्यासह सहा वर्षांपासून राहते. ते टोकियोत सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. मला जपानी येते, म्हणून मी परदेशी बायकांसाठी दुभाष्याचे काम करते.

रेणुका थापा, वय २८, ही त्यांपैकीच एक, नेपाळची. गावी तिला आणि तिच्यासोबत राहणाऱ्या बाईला नातेवाइकांनी मारहाण केली. ती बाई त्यात गेली. रेणुकाने इथे निर्वासित म्हणून अर्ज केला आहे. निकाल आलेला नाही.

दि. १२ जून २००५, रविवार, दुपारी दोन वाजता नागरिक सभागृहात सरकारच्या स्त्री-पुरुष समानता आराखड्यावर सूचना घेण्यासाठी एका संघटनेची बैठक होती. आराखड्यात आपल्यासारख्यांचाही उल्लेख असावा, एवढेच रेणुकाला सांगायचे होते. ती घाबरत होती. "मी आहे ना," असे मी तिला म्हणाले होते.

ती हिंदीत बोलली, मी माइकवर जपानीत सांगितले. दुभाष्याने 'ती म्हणते' असे म्हणायचे नसते. बोलणाऱ्याचेच 'मी' ठेवायचे असते. "माझे एका बाईवर प्रेम होते. त्यासाठी मला देश सोडावा लागला. तुमच्या समानतेत मी कुठे बसते?" हे मी म्हणत असताना पती मला न्यायला आले व दारात थांबले. सोबत त्यांच्या ऑफिसातले इतो-सान होते.

सुमारे ३.४० वाजता जिन्यात पतींनी माझा दंड धरला. "लाज आहे का? इतो-सान काय समजले असतील?" मी म्हणाले, "अहो, ते तिचे शब्द होते." रेणुका मध्ये आली. "भैया, दीदी को छोड़िए," म्हणाली. पतींनी तिला दोन्ही हातांनी ढकलले. ती जिन्यावरून खाली गेली. पाय जसा वळत नाही, तसा वळलेला होता. मी लगेच खाली गेले नाही. किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. लग्नाला अकरा वर्षे झाली. यापूर्वी पतींनी कधी कोणावर हात उगारलेला नाही.

अँब्युलन्स येण्यापूर्वी पती मला मराठीत म्हणाले, "घसरली म्हण. व्हिसा जाईल आपला."

रुग्णालयात रेणुकानेही आपण घसरलो असे सांगितल्याचे मला इथे कळले. पोलिसांत नाव गेले तर अर्ज फेटाळतील, अशी भीती तिने मला पूर्वीच बोलून दाखवली होती.

ती घसरली नाही. ढकलणारे माझे पती आहेत.

लिहिलेले मला वाचून दाखवले. 'ढकलले' च्या जागी 'धक्का लागला' लिहायचे का, असे विचारण्यात आले. नको, असे मी सांगितले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही/-
वृंदा आठल्ये