टर्बोसाठी लावलेला कौल

तुम्ही हसाल, पण आमच्या अण्णाच्या गाडीत काय बसवायचं हे शेवटी देवालाच ठरवावं लागलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. जुन्या कॉन्टेसाची ताकद वाढवायची म्हणून तो पेटला होता. टर्बो बसवायचा की मोठा कार्बोरेटर, एवढंच ठरत नव्हतं. मी रोज त्याच्याच गाडीतून येळ्ळूरहून खानापूरला नोकरीला जाते. आहे त्या वेगातच मी डोळे मिटून बसते, त्यामुळे माझी झोपच उडाली आणि आमची रोज भांडणं होऊ लागली.

आई म्हणाली, "भांडू नकोसा. कौल लावूया."

देवळात गुरवकाकांनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर टर्बो, डावं पडलं तर कार्बोरेटर. मी हात जोडून मनात म्हणत होते, कुठलंच पाडू नकोस रे बाबा. अर्धा तास झाला तरी फुलं हलेनात.

"तवर गाडी वळवून लावतो," म्हणत अण्णा बाहेर गेला. देवळाच्या दारातच त्यानं गाडी सुरू करून जोरात रेस केली. मी किंचाळले, समई थरथरली आणि दोन्ही फुलं एकदम खाली आली.

अण्णा पळत आत आला. "दोन्ही पडली? म्हणजे दोन्ही बसवायचं, व्हय काका?"

"न्हाय रं," गुरवकाका म्हणाले. "हाय त्या इंजिनानंच देव हालला. अजून किती ताकद पायजे तुला?"

आईनं मान डोलावली. अण्णाचं तोंड एवढंसं झालं. मी मात्र तिथंच लोटांगण घातलं.