शोकेसमधली वॉशिंग मशीन

...आता तुम्हीच सांगा, भंगारवाल्याला द्यायची चीज हाय का ही? पण आमची ज्योत्स्ना! दर वर्षी भीमजयंती जवळ आली, घराला रंग सुरू झाला की शोकेससमोर उभी ऱ्हाती, कमरेवर हात ठिवती अन् सुरू करती, "अवो, द्या की ह्या सीड्या भंगारात! पेन ड्राइव्ह येऊन गेला, मोबाइल आला, तुम्ही कुठं हाव?" कुठं हाव म्हंजे? जनवाड्यात हाव! भीमगीतं हायत, गझल हाय, कव्वाली हाय, कन्नडातली वचनं हायत, बीदरच्या बाजारात चहा-नाश्त्याचे पैसे वाचवून घेतलेल्या! कॉपी न्हाई, डबल न्हाई. माल ओरिजनल हाय, तुम्हाला सांगतो!

अन् मी काय नुसता शौक केलो व्हय? लग्न झाल्या झाल्याच तिला शब्द दिलो, "थांब जरा. ह्यांना भाव आला की इकतो अन् तुला वॉशिंग मशीन आणतो." तवापासून ती बिचारी दगडावर धुणं आपटायली अन् मी भावाची वाट बघायलो. धुणं बी कसलं? मी बीदरजवळच्या कोळारला गोडाऊनात कामाला. सांजच्याला शर्ट काढून ठिवला तर एकटाच उभा ऱ्हातोय!

अन् आला की ओ भाव! आमची प्रियंका, पोरगी, कॉलेजात हाय, मोबाइल घेऊन पळत आली, "पप्पा, बघा! ही जुनी सीडी साडेचार हजाराला गेली!" एक? एकच? मग शोकेसला किती? मला जेवण सुचंना! मनातल्या मनात मशीन आली, फ्रीज आला, दारात नवी गाडी उभी ऱ्हायली... न्हाणीतल्या नळाला मशीनचा पाइप बी जोडून घेतलो! शेजारची सुमनबाई भिंतीवरून डोकावली, "काय ओ रत्नपाल, मशीन घ्यायलाव म्हणं? कोणत्या कंपनीची?" म्हणलो, "येऊ तर द्या अक्का, सगळ्या गल्लीला दाखवतो!"

प्रियंका कलबुर्गीचा एक माणूस शोधून काढली. महेशकुमार. जुन्या सीड्या घेणं-इकणं हाच धंदा. आला तो हातात पांढरे मोजे घालून! मी म्हणलो, हां, ह्याला म्हणत्यात पारखी. डबी उचलला, हिकडून बघितला, तिकडून बघितला. "अण्णा, ही चिकटपट्टी कुणी लावली?" मीच की! एकेका डबीला चारी बाजूनं! आत वारा शिरला न्हाई पायजे, न उघडता ठिवली तर भाव वाढतोय म्हणत्यात... माल ओरिजनल हाय, तुम्हाला सांगतो!

त्यानं ब्लेड लावलं. कव्हर गझलचं, आत कोण? माझ्या भावाच्या, राजपालच्या लग्नाची सीडी! कव्हर कव्वालीचं, आत कॉम्प्युटर क्लास! कव्हर वचनांचं, आत तुरीवरल्या अळीची माहिती! "एन री अण्णा इदु? काय ओ हे?" म्हणायला अन् घाम पुसायला.

आता त्याला काय सांगू? आमच्या गल्लीची रीत हाय ओ! जयंती आली की ज्याचं त्याचं न्हाई, सगळं सगळ्यांचं. स्टेजवर लावायला सीड्या पायजेत, न्या. कुणाचं बारसं, न्या. अन् माणसं इमानदार! एक डबी कुणी बुडवली न्हाई. डबी परत आली म्हंजे माल परत आला, असा माझा हिशोब! मी डब्या मोजलो अन् पट्ट्या मारलो. आत कोण बसलंय, हे कोण बघतंय?

सुटलो की मग गल्लीत! सुमनबाईच्या घरी माझी गझल पाण्याच्या तांब्याखाली! एकाच्या फटफटीच्या मागं माझी भीमगीतं चमकायलीत! अन् कव्वाली? कव्वाली वीरण्णाच्या ज्वारीत, दोऱ्याला टांगलेली! वर मलाच म्हणतोय, "लई गुणाची हाय रत्नपाल, एक पाखरू फिरकंना!" काढून आणलो. महेशकुमार उजेडात धरून बघितला अन् म्हणला, "अण्णा, हिच्यावर कुळव फिरवलाव काय?"

मी खाली मान घालून बसलो. मशीन गेली, इज्जत गेली... तेवढ्यात हा बाबा ताडकन उभारला! हातात एक डबी. 'माणिकराव आणि गायन पार्टी, जनवाडा.' आमचे अप्पा ओ! गळ्यात पेटी अडकवून खटकचिंचोळीपस्तोर भीमगीतं गायचे. बीदरला एकानं हौसेनं रेकॉर्डिंग करून दिलतं. महेशकुमार म्हणला, "ही कुठंच मिळत न्हाई. ह्या एकीला मशीनचे पैसे देतो. आत्ता देतो!" अन् नोटा काढला!

डबी उघडला. रिकामी!

तुम्हाला खरं सांगतो, डबी उलटी करून दोनदा झटकलो. पैशापायी न्हाई ओ. अप्पाला जाऊन लई वर्सं झाली. फोटो हायत भिंतीवर, पण आवाज तेवढ्या एका चकतीत व्हता. ती कुणाच्या ज्वारीत टांगली असंल म्हणून मला रडूच यायलं.

ज्योत्स्ना उठली. टीव्हीखालच्या प्लेयरचं बटन दाबली, अन् जीभ काढल्यासारखी सीडी भाईर आली. "तुम्ही पट्ट्या मारायच्या आधीच काढून ठिवले मी. तुम्ही कोळारच्या बसला गेलाव की लावते. मामंजींच्या गाण्याबिगर धुणं उरकत न्हाई माझं." अन् लावली. गाण्याच्या आधी अप्पा खाकरलेत, ते बी हाय त्यात! तस्संच!

महेशकुमारच्या नोटा तशाच पुढं. मी म्हणलो, "ज्योत्स्ना, तूच ठरव. मशीन का अप्पा?"

"नोटा आत ठिवा अण्णा," म्हणली, "मामंजी इकायचे न्हाईत." मला असं भरून आलं! जवळ गेलो, तर माझ्याकडं वळून म्हणती कशी, "पण तुम्ही शब्द दिलताव. मशीन पायजे म्हंजे पायजे!"

आता काय... दर आयतवारी सकाळी प्लेयरमधी अप्पा अन् दगडावर मी. भिजवणं, घासणं, पिळणं, सगळं ऑटोमॅटिक! काल सुमनबाई परत भिंतीवरून डोकावली, "आली का ओ मशीन? कोणत्या कंपनीची?" मी तोंड उघडायच्या आत ज्योत्स्ना दोरीवर माझा शर्ट झटकत म्हणली,

"जनवाड्याचीच हाय अक्का. आवाज लई करती, पण माल ओरिजनल हाय!"