गोधडीसकट नऊ किलो

काय सांगू तुम्हाला, केजच्या आडतीवर पंचवीस वर्षं काट्यापाशी उभा राहणारा माणूस मी, सोयाबीनचं पोतं नुसतं हलवून वजन सांगतो, अन् सख्ख्या नातीला जोखताना बारदाना वजा करायचं इसरलो.

झालं असं, दिवाळीनंतर पोरगा अन् सून ऊसतोडीला गेलते, सव्वा वर्षाची आरू आमच्यापाशी ठेवून. सुनेचा रोज फोन, मामा, पोरगी खाती का. म्हणून एक दिवस थंडीचं तिला गोधडीत गुंडाळून आडतीवर नेली, काट्यावर बसवली. भरली नऊ किलो. सुनेला सांगितलं, टुमटुमीत हाय, तू काळजी करू नको.

मग अंगणवाडीच्या ताईनं तिला जोखायला घेतलं. आधी गोधडी काढली, मग स्वेटर, टोपी, पायातले चांदीचे वाळे, मुठीतला माझा किल्ल्यांचा जुडगा. भरली सव्वासात. मी म्हणलं, ताई, तुमचा काटा बिघडलाय. ताई म्हणली, आजोबा, आडतीवर पोत्याचं वजन कापता ना, मग गोधडीचं कावून न्हाई कापलं?

बरं, खाती काय, तिनं इचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, चहात बिस्कीट बुडवून मी सोता भरवतो, दिवसातून तीनदा, अन् जेवायला वरणाचं पाणी. ताई हसली न्हाई. म्हणली, वरचं पाणी पोरीला अन् खालची डाळ तुम्हाला, अन् चहानं तिची भूक मारायलात. पुढच्या महिन्यात वजन वाढलं न्हाई तर बीडला दवाखान्यात भरती करावी लागंल.

तिची आई तिकडं उसाच्या फडात, माझ्या नऊ किलोवर भरवसा ठेवून.

चहा बंद केला. ताईनं सांगितली तशी चमच्यातून ओघळणार न्हाई अशी घट्ट खिचडी, वर तेल, शेंगदाण्याचा बारीक कूट, कधी अंडं कुस्करून, थोडं थोडं, दिवसातून पाच येळा. पहिले आठ दिवस लई हाल, पोरगी थुंकायची, तोंड फिरवायची, बिस्किटाच्या डब्याकडं बोट दाखवायची. आमची मंडळी म्हणली, कोंबू नका, तिला तिची ताटली द्या अन् समोर बसून तुमी खा. मग मी खायचो, ती बघायची, अन् एक दिवस तिनं माझ्याच ताटात हात घातला. अर्धं जमिनीवर, पाव केसात, पण उरलेलं तोंडात.

महिन्यानं वजनाला मी सोता सगळं उतरवलं, करदोटा बी सोडायलतो, ताईच म्हणली, राहू द्या आजोबा. पावणेआठ!

सुनेला फोन लावून सगळं खरं सांगितलं, गोधडीसकट. तिनं आकडा दोनदा इचारून घेतला. मग म्हणली, मामा, वाळे काढून ठिवा, पाय भरल्यावर रुतत्याल.

फोन ठेवला तर मंडळी ताटली घेऊन दारात उभी. म्हणली, आवो काटेवाले, डोळे पुसा अन् हात धुवा, माझ्या हातचं खाईना ती.